‘धरण सुरक्षित आहे’, आणि घरं?

सातारा-सांगलीकडच्या कुणाच्याही फोनवर ही बातमी अधूनमधून येतेच. ‘कोयना परिसर भूकंपाच्या सौम्य धक्क्यानं हादरला.’ खाली चार ओळी असतात. रिश्टर स्केलवर तीव्रता इतकी, केंद्रबिंदू कोयनानगरपासून इतक्या किलोमीटरवर, जीवितहानी नाही. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : धरण सुरक्षित आहे. आपण ते वाचतो, हुश्श करतो आणि पुढच्या रीलकडे जातो.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. धरण खरंच सुरक्षित असेल, असावंच. कराड, सांगली, मिरज ही सगळी शहरं त्याच्या खालच्या अंगाला आहेत. पण भूकंप झाल्यावर पहिला आणि शेवटचा प्रश्न धरणाचाच विचारायचा, हा काय प्रकार आहे? पाटण तालुक्यातल्या किती घरांच्या भिंतींना तडे गेले, किती शाळांच्या खोल्या बसायच्या लायकीच्या उरल्या, हा आकडा तुम्ही त्या बातमीत कधी वाचलाय? मी तरी नाही. अर्धशतक उलटून गेलं, कोयनेच्या भूकंपाकडे आपण धरणाच्या भिंतीवरून बघतोय. खोऱ्यात उतरून बघितलं, तर भूकंपातून ‘सावरणं’ हा शब्दच तिथं नीट बसत नाही.

त्या पहाटे

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर वसाहतीतल्या ८० टक्क्यांहून जास्त घरांचं नुकसान झालं. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान सापडतो, जखमींची संख्या हजाराच्या वर. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि मुंबईचे दिवे आणि कारखाने बंद पडले. देशाला कोयना कुठं आहे हे त्या दिवशी कळलं, ते बऱ्याच अंशी वीज गेल्यामुळं.

माणसं मेली ती भिंतींखाली. खोऱ्यातली घरं दगड-मातीची. दोन बाजूंनी दगड रचायचे, मधल्या पोटात माती आणि बारीक दगड भरायचे, वर लाकडी आढी आणि कौलं. पावसाळ्यात उबदार, उन्हाळ्यात थंड. पण अशी भिंत आडवी हलली की दोन्ही थर एकमेकांना सोडतात आणि भिंत पोट फुटल्यासारखी आत-बाहेर कोसळते. डिसेंबरचा महिना, भात-नाचणी नुकतीच घरात आलेली. भिंत पडली म्हणजे नुसतं छप्पर गेलं असं होत नाही. कणगीतलं वर्षाचं धान्य, गोठ्यातली बैलजोडी, पुढच्या पेरणीचं बी, सगळं त्याच ढिगाऱ्याखाली. शेतकऱ्याचं घर हे त्याचं गोदाम असतं, तीच त्याची बँक असते. हे जोवर नुकसानीच्या यादीत येत नाही, तोवर ‘घर बांधून दिलं’ म्हणजे सगळं दिलं असं सरकारला वाटत राहतं.

हा धक्का अचानकही आला नव्हता. १९६२च्या सुमारास शिवसागर जलाशय भरायला लागला, तेव्हापासून जमिनीतून आवाज येणं आणि लहान हादरे बसणं सुरू झालं होतं. त्यासाठी धरणाच्या आसपास भूकंपमापक बसवले गेले. १३ सप्टेंबर १९६७ला ५च्या वरचा धक्का येऊन गेला. म्हणजे यंत्रांनी चार-पाच वर्षं नोंदी घेतल्या. त्या नोंदींचा वापर करून एका तरी गावातली भिंत बांधून, आवळून घ्यावी, हे कुणाला सुचलं नाही.

मदत की भरपाई?

भूकंप धरणामुळं झाला की निसर्गामुळं, हा वाद बरीच वर्षं चालला. आज जगभरच्या भूकंपशास्त्राच्या वर्गांत कोयनेचं नाव जलाशयामुळं उद्दीपित झालेल्या भूकंपाचं ठळक उदाहरण म्हणून घेतलं जातं. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी धरणं आणि भूकंप या विषयावर १९७६ साली पुस्तकच लिहिलं. शास्त्रज्ञ शब्द जपून वापरतात, तो फरक आपणही समजून घेऊ. पाण्यानं भूकंप ‘तयार’ केला असं ते म्हणत नाहीत. खडकात ताण आधीपासून साठलेला होता. पाण्याचं वजन आणि भेगांमधून खोल मुरलेलं पाणी यांनी तो सुटायला निमित्त दिलं. बंदूक आधीच भरलेली होती, चाप नंतर ओढला गेला.

हा शास्त्राचा तपशील वाटेल, पण सगळं अर्थकारण यावरच उभं आहे. भूकंप निसर्गाची करणी असेल, तर सरकार जे देतं ती ‘मदत’. मदत उपकार म्हणून येते. ती कधी द्यायची, किती द्यायची, कधी थांबवायची, हे देणारा ठरवतो. आणि भूकंपात माणसाच्या प्रकल्पाचा हात असेल, तर जे द्यायचं ती ‘भरपाई’. भरपाई हक्काची असते आणि तिची मुदत नुकसान भरून निघेपर्यंत असते. कोयनेच्या लोकांना कायम मदत मिळाली. भरपाई या शब्दाच्या जवळपास कुणी फिरकलं नाही.

‘पण हे कोर्टात कसं सिद्ध करणार?’ असं कुणी विचारेल. सिद्ध करायची गरज का पडावी? १९८६ साली दिल्लीतल्या श्रीराम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एक तत्त्व मांडलं : धोकादायक उद्योगातून जो नफा मिळवतो, त्यानं त्या धोक्याची जबाबदारीही पूर्ण उचलायची, निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो. तो निकाल धरणांबद्दल नव्हता, हे खरं. पण नीती म्हणून त्यात न पटण्यासारखं काय आहे? कोयना प्रकल्पाची क्षमता आज १९६० मेगावॅट आहे. जलाशयाची मूळची ९८.७८ टीएमसीची साठवण वाढवून १०५.२५ टीएमसी केली गेली. फायद्याचा हिशेब आपण दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवतो. धोक्याचा हिशेब मात्र ‘सौम्य धक्का’ या दोन शब्दांत आटोपतो.

आता धरणाचं काय झालं ते बघा. १९६७च्या धक्क्यानं धरणाच्या भिंतीलाही आडव्या भेगा पडल्या होत्या. त्या तातडीनं भरल्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत उंच भागांना मागून काँक्रीटचा जाड आधार दिला गेला. नंतर सांडव्याचा भागही मजबूत केला. ठरावीक काळानं तपासणी होते, यंत्रं बदलली जातात. हे सगळं योग्यच आहे. माझं म्हणणं इतकंच, की भूकंपातून सावरणं म्हणजे काय, हे सरकारला उत्तम माहीत आहे. एकदा दुरुस्त करून विसरून जायचं नसतं. पुढच्या धक्क्याला टिकेल असं मजबूत करायचं, दरवर्षी तपासायचं, त्यासाठी कायमची माणसं आणि कायमचा पैसा ठेवायचा. धरणाच्या बाबतीत हे झालं. धरणाखालच्या आणि धरणामागच्या माणसांच्या बाबतीत झालं नाही.

एकाच गावावर चार वेळा

कोयनेच्या गोष्टीत भूकंप हा पहिला घाव नव्हता. पहिला घाव धरणाचा. शंभराच्या आसपास गावं पाण्याखाली गेली किंवा उठवली गेली. कोयनेच्या लोकांना गावं सोडावी लागली, तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता; तो आला १९७६ साली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी सांगलीकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे. बरेच जण कुठंच गेले नाहीत, पाणी चढेल तसे डोंगराच्या उतारावर वर सरकले. भातखाचरं पाण्यात, घर उताराच्या मुरमाड जमिनीवर. मग १९६७चा भूकंप. मग १९८५ साली त्याच डोंगरांवर कोयना अभयारण्य, आणि २०१०मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. मग जुलै २०२१ची अतिवृष्टी, आणि पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथल्या दरडी.

शासनाच्या कपाटात यांच्या चार वेगळ्या फायली आहेत. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अभयारण्यग्रस्त, दरडग्रस्त. प्रत्येक फायलीचं खातं निराळं, अधिकारी निराळा, कागद निराळे. पण माणूस एकच. ज्या आज्यानं धरणात जमीन दिली, त्याच्या मुलाचं घर भूकंपात पडलं, आणि नातवाला आता जळणासाठी जंगलात जायची भीती वाटते. एका फायलीत ‘पुनर्वसन पूर्ण’ असा शेरा पडला, तरी दुसरीत तोच माणूस अजून रांगेत उभा असतो. २०१८ साली कोयनानगरला प्रकल्पग्रस्त ठिय्या देऊन बसले. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर त्यांच्या पुढे होते. मागणी काय होती? जमिनीची. साठच्या दशकातली.

या लोकांनी १९६७ नंतर घरं उभी केली ती कशाच्या जोरावर? सरकारी मदत आली, तिला नाही म्हणायचं कारण नाही. पण घराची मदत घराच्या मालकाला मिळते. सातबारा किंवा घरपट्टी आज्याच्या नावावर आणि चुली तीन भावांच्या तीन, तर मदत एक. कूळ म्हणून राहणाऱ्याच्या नावावर कागदच नाही. डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्याची तर जमीनच वनखात्याची. ढिगारा सगळ्यांचा सारखा असतो, पण पंचनामा कागद बघून होतो. भूकंपानं गावातली विषमता मोडत नाही, उलट सरकारी शिक्का मारून पक्की होते, ती अशी.

बाकीचा भार उचलला मुंबईच्या मनीऑर्डरींनी. पाटण-जावळीचा गडी गिरणीत किंवा गोदीत, मशीद बंदरच्या गोदामात पाठीवर ओझी वाहायला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि माथाडी कायदा झाला तो १९६९ साली, भूकंपानंतर दोनच वर्षांनी. जी मुंबई कोयनेच्या विजेवर उजळते, त्याच मुंबईत कोयनेची माणसं पाठीवर पोती घेऊन आपल्या पडक्या घराच्या भिंतीचे पैसे मिळवत होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि तो आधारही खचला. ‘लोकांनी जिद्दीनं उभं राहून दाखवलं’ असं भाषणात म्हटलं जातं, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच असतो, की बिल लोकांनी भरलं.

दाखला म्हणजे एकेरी तिकीट

आता तुमच्या-माझ्या पिढीचा मुद्दा. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, की समांतर आरक्षणाच्या रकान्यात प्रकल्पग्रस्त ५ टक्के आणि भूकंपग्रस्त २ टक्के असं लिहिलेलं असतं. पाटणच्या पोरांसाठी भूकंपग्रस्ताचा दाखला ही आज्याकडून आलेली एकुलती एक इस्टेट आहे. जुन्या पंचनाम्याची नक्कल शोधा, नावातली चूक दुरुस्त करा, वंशावळ काढा, प्रतिज्ञापत्र करा, हेलपाटे घाला. एवढं करून लाभ घरातल्या एकालाच. म्हणजे कुणाचं नाव लावायचं यावरून भावाभावांत आणि चुलत्या-पुतण्यांत बोलणं बंद. भूकंपानं न तोडलेली घरं या दाखल्यानं तुटलेली आहेत.

दाखला बंद करा असं मी म्हणत नाही. ज्याला मिळतोय त्यानं तो घ्यावा आणि ताठ मानेनं घ्यावा. पण हिशेब करून बघा. भरती निघणार कधी, जागा किती, त्यातल्या २ टक्के किती, त्यात राज्यभरचे भूकंपग्रस्त किती. शेकडो गावांच्या नुकसानीचं उत्तर म्हणून दहा-वीस पोरं तलाठी किंवा पोलीस होतात आणि बदलीच्या गावी निघून जातात. याला पुनर्वसन म्हणायचं? ज्या खोऱ्याचं नुकसान झालं, ते सोडून जायला मिळालेला हा पास आहे.

याचं जुळं भावंड सापडतं इटलीत. कोयनेनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, जानेवारी १९६८मध्ये, सिसिली बेटावरच्या बेलिचे खोऱ्यात जवळपास एवढ्याच ताकदीचा भूकंप झाला. जिबेलिनासारखी गावं पार जमीनदोस्त झाली. सरकारनं काय केलं? गाव सोडून जाऊ इच्छिणाऱ्यांना एका बाजूची मोफत रेल्वे तिकिटं दिली. जे राहिले, त्यांच्यातले अनेक पत्र्याच्या बराकींत दशकानुदशकं राहिले. जिबेलिना नव्या जागी वसवलं, ऐसपैस रस्ते केले, चौकाचौकांत शिल्पं उभारली. राहणारी माणसं मात्र घटत गेली. पण बेलिचेतली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. तिथल्या तरुणांनी प्रश्न विचारला : आमची गावं ढिगाऱ्यात असताना आम्ही सक्तीची लष्करी सेवा का करायची? आम्हाला आमचं खोरं उभं करू द्या. मोर्चे काढले, रोममध्ये जाऊन बसले आणि १९७० साली तसा कायदा करून घेतला. नोकरीसाठी बाहेर पडायला मदत करा, असं त्यांनी मागितलं नाही. राहायचा हक्क मागितला.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसं गेली. तिथं जागतिक बँकेचा पैसा आला, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकवलं गेलं. कोयनेला यातलं फार थोडं मिळालं, कारण १९६७ साली तसं धोरणच नव्हतं आणि मेलेल्यांचा आकडा हजारांत नव्हता. पण किल्लारीतही चौकोनी प्लॉटांच्या लांबलचक रांगांत गोठा कुठं बांधायचा, भावकीची घरं लांब गेली तर अडल्या-नडल्याला हाक कुणाला मारायची, हे प्रश्न उरलेच. पैसा आला म्हणजे गाव परत येतं असं नाही. तरी एक गोष्ट तिथं पक्की झाली : दगडी भिंतीत आरपार जोडदगड घातले, कोपरे बांधून घेतले, दाराच्या चौकटीवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला, तर तेच घर उभं राहतं. हे ज्ञान आपल्याच राज्यात तीस वर्षांपासून आहे. जिथं हादरे थांबतच नाहीत त्या कोयना-वारणा खोऱ्यात ते घरोघर पोचायला काय अडचण आहे?

सांगलीकरांनो, हे तुमचंही आहे

सांगलीच्या वाचकाला वाटेल, ही पाटणची रड आहे. थोडं थांबा. शिराळा तालुक्यातलं चांदोली धरण १९८५च्या सुमारास भरायला लागलं, आणि १९९३पासून हादऱ्यांची केंद्रं दक्षिणेला वारणेच्या बाजूला सरकलेली शास्त्रज्ञांनी नोंदवली. म्हणजे भूकंपप्रवण पट्टा थेट सांगली जिल्ह्याच्या उंबऱ्याशी आलेला आहे. शिराळ्याच्या डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवरची जुनी घरं पाटणसारखीच दगड-मातीची आहेत.

आणि देणं-घेणं बघितलं, तर सांगलीवर कोयनेचं ऋण मोठं आहे. कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर कराड-वाळवा-पलूसचा ऊस उभा आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना जे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत नेतात, त्यात कोयनेचा वाटा आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सगळी सांगली मोबाईलवर कोयनेचा विसर्ग बघत बसली होती. धरणाचा प्रत्येक दरवाजा आपल्याला माहीत आहे. त्या दरवाजामागच्या एका गावाचं नाव सांगा म्हटलं तर आपण अडखळतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आपण गमतीनं वापरतो. जलाशयाच्या वरच्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन उतार उतरणाऱ्या बायांना त्यात गंमत वाटत नाही.

‘कोयनेमुळं अख्ख्या महाराष्ट्राचं भलं झालं, काही लोकांनी त्याग केला,’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. त्याग स्वतःहून करायचा असतो. दुसऱ्यानं घेतला तर त्याला त्याग म्हणत नाहीत. आणि फायदा अख्ख्या महाराष्ट्राला झाला असेल, तर देणं अख्ख्या महाराष्ट्रावर लागू होतं. ‘इतकी वर्षं झाली, आता किती काळ मागत राहणार?’ हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर सोपं आहे : जोवर पाणी अडवलं जातंय, वीज विकली जातेय आणि जमीन हलतेय, तोवर. यातलं एकही अजून थांबलेलं नाही. कृष्णा पाणीतंटा लवादानं ठरवून दिलेलं ६७.५ टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला, कोकणात सोडलं जातं, दरवर्षी. उत्पन्न चालू आणि जबाबदारी मात्र १९६७ सालातच संपली, असा व्यवहार आपल्या गावातला सावकारसुद्धा करणार नाही.

आता नवं महाबळेश्वर

हे सगळं आज बोलायचं कारण आहे. सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या शेकडो गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान प्रकल्प आखला गेला आहे, आणि रस्ते विकास महामंडळाकडे नियोजनाचे अधिकार दिले गेले आहेत. जमिनीचे दलाल पोचायला नकाशा मंजूर व्हावा लागत नाही, ते आधीच येतात. ज्या उतारांवर शेतकऱ्याला गोठा बांधायला परवानगी मिळत नव्हती, तिथं रिसॉर्ट उभी राहायची चर्चा आहे. ज्यांना साठ वर्षांत जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली नाही, त्यांच्या शेजारी प्लॉट पडणार. डोंगर कापून रस्ते होणार, आणि २०२१मध्ये हेच डोंगर खाली आले होते. वांकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हाही विकासच येणार होता. वीज गेली, पठारावरच्या पोरांची मुंबईची एसटी चुकली नाही.

पर्यटन नको असं नाही. पण क्रम ठरू द्या. आधीचं देणं चुकतं करा, मग नवी मांडणी करा.

देणं म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगतो. पहिलं, विजेतला वाटा. केंद्राच्या २००८च्या जलविद्युत धोरणात नव्या प्रकल्पांसाठी स्थानिक भागाच्या विकासाला १ टक्का वीज वेगळी काढण्याची आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट देण्याची तरतूद आहे. कोयना त्याआधीची, म्हणून तिला हे लागू नाही, असं सांगितलं जाईल. तर मग राज्यानं स्वतःचा निर्णय करावा आणि तो १ टक्का थेट ग्रामसभांच्या हातात द्यावा. सभामंडप आणि कमानी बांधायला नको, घरं मजबूत करायला द्यावा. दुसरं, घरांची गणती. कोयना-वारणा खोऱ्यातल्या प्रत्येक घराची, शाळेची, आरोग्य केंद्राची भिंत तपासून गावनिहाय यादी चावडीवर लावा. तिसरं, गवंडी. खोऱ्यातल्या तरुणांना, पोरी धरून, भूकंपरोधक बांधकामाचं प्रशिक्षण आणि त्याच कामाची मजुरी द्या. दहा वर्षं पुरेल एवढं काम तिथं पडलेलं आहे. चौथं, चार फायलींची एक फाईल करा. एका कुटुंबानं किती वेळा काय गमावलं, हे एकाच कागदावर दिसू द्या, आणि राहिलेली जमीन नव्या महाबळेश्वरचा एकही प्लॉट विकला जायच्या आधी द्या.

यातली एकही मागणी अशक्य नाही. धरणासाठी हेच सगळं केलेलं आहे : तपासणी, मजबुती, कायमचा निधी, कायमची माणसं. सिमेंट-काँक्रीटला दिली तेवढी काळजी माणसांना द्या, एवढंच मागणं आहे.

आणि आपण, जे फोनवर ही बातमी वाचतो, त्यांच्यासाठी एक छोटं काम. पुढच्या वेळी ‘कोयना परिसर हादरला, धरण सुरक्षित’ अशी बातमी आली, की खाली एकच प्रश्न विचारा : घरं किती सुरक्षित आहेत? पत्रकाराला विचारा, आमदाराला विचारा, जिल्हाधिकाऱ्यांच्या पानावर विचारा. पुढच्या धक्क्यालाही विचारा. उत्तर म्हणून आकडा येईपर्यंत विचारत राहा. तो प्रश्न १९६२ साली, पहिला हादरा बसला तेव्हाच विचारायला हवा होता.